बसस्टँडवर बिडी ओढली तर दंड बसतो का, आणि बसावा का

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या तालुक्याच्या गावात नगरपरिषदेनं बसस्टँड आणि मेन चौक धूम्रपानमुक्त म्हणून जाहीर केला, पहिल्याच दिवशी पथकानं तुमच्या काकांना चौकात बिडी ओढताना धरलं आणि 500 रुपये घेतले, दुसऱ्या दिवशी एका पेपरात काकांचा फोटो, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपरात 'गरिबांवर जुलूम', मग टपरीवाल्यांचं निवेदन, आणि आता गावात दोन पार्ट्या पडल्यात. तुमचं म्हणणं एवढंच की हे कायदेशीर आहे का, याचा काही उपयोग होतो का आणि आपण कोणाच्या बाजूनं बोलायचं.

मी दातांचा डॉक्टर, अमळनेरकडचा. तंबाखू सोडवायचं काम बरीच वर्षं करतोय आणि कारवाईच्या पथकासोबतही फिरलोय, त्यामुळे पावती फाडणारा आणि ज्याच्या नावानं फाटते तो, दोघांच्याही शिव्या खाऊन झाल्यात. सरळ सांगायचं तर बसस्टँडवरचा दंड कायदेशीर, चौकातला बहुतेक टिकणार नाही, आणि 500 चा आकडा तर या कायद्यात कुठेच नाही.

कायदा 2003 चा आहे, सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा, त्यातलं कलम 4 म्हणजे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई. आता सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय हे त्याच कायद्यात लिहिलंय, दवाखाने, सरकारी ऑफिसं, कोर्ट, शाळा-कॉलेज, लायब्ररी, हॉटेलं, रेल्वेची वेटिंग रूम, बस-रिक्षासारखी वाहनं, आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी एक शेपूट आहे की मोकळी जागा यात धरायची नाही. मग 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम लागू झाले, त्यात बसस्टँड, रेल्वे स्टेशन, स्टेडियम, थिएटर, कामाच्या जागा, कँटीन हे सगळं नाव घेऊन टाकलं. म्हणजे बसस्टँड आत आलं, उघडा चौक नाही आला. नगरपरिषदेला चौकही आत घ्यायचा असेल तर नुसता सभेतला ठराव आणि त्याचा फ्लेक्स पुरत नाही, रीतसर उपविधी म्हणजे नगरपरिषदेचा स्वतःचा नियम करावा लागतो, त्याला वरून मंजुरी लागते. तसा उपविधी तुमच्याकडे झालाय का हे काकांच्या आधी नगरसेवकांना विचारा, बघा किती जणांना माहितीये.

दंडाचं म्हणाल तर कलम 4 मोडलं तर जास्तीत जास्त 200 रुपये. 200 च्या वर एक रुपया नाही. लोकांच्या डोक्यात 1000-3000-5000 चे आकडे फिरतात ते कोरोनातले, 2020 च्या मे अखेरीस राज्य सरकारनं सार्वजनिक ठिकाणी थुंकणं आणि धूम्रपानावर चढता दंड जाहीर केला होता, ते त्या वेळच्या साथीच्या कायद्याखाली होतं. तेव्हाची पावती-पुस्तकं कुठे कुठे अजून कपाटात पडून असतील तर नवल नाही. आणि रेल्वेचं वेगळंच, डब्यात ओढली तर रेल्वे कायद्याच्या 167 कलमात 100 रुपयांपर्यंत दंड आहे, तो तर चहा-वड्याच्या भावात आला आता.

इथपर्यंत सगळे वकील पण सांगतील. पण पथकासोबत फिरून मला जे कळलं ते वेगळंय आणि ते कोणत्याच पेपरात येत नाही. हा कायदा नुसता ओढणाऱ्या माणसावर नाही, जागेवरही आहे. 2008 च्या नियमात जबाबदारी कोणावर टाकलीय ते वाचा, मालक, मॅनेजर किंवा त्या जागेचा इनचार्ज. त्यानं 60 बाय 30 सेंटिमीटरचा बोर्ड प्रवेशाजवळ आणि आत ठळक जागी लावायचा, तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लोकांना दिसेल असं लिहायचं, ॲश-ट्रे, काडेपेटी, लायटर असलं काही ठेवायचं नाही. आणि खरी मेख पुढे आहे, तक्रार येऊनही त्या इनचार्जनं काही केलं नाही तर तिथे जितक्या जणांनी गुन्हा केला तितका दंड त्याच्यावर. म्हणजे स्टँडवर दहा जण ओढतायत आणि सायबाला सांगूनही सायेब खुर्चीतून उठले नाहीत तर दहाही जणांचा हिशोब सायबाच्या नावावर निघतो.

आता मला सांगा, तुमच्या गावात मोहीम झाली त्यात आगार व्यवस्थापकाच्या नावानं किती पावत्या फाटल्या? हॉटेलमालकाच्या नावानं किती? तहसीलच्या जिन्यात जिथे कोपरा लाल झालाय आणि खाली थोटकं पडलीयत तिथल्या प्रमुखाच्या नावानं? एकही नाही, मला न विचारता माहितीये. धोतर-टोपीवाला म्हातारा धरला कारण तो पळत नाही, वाद घालत नाही, वरून फोन लावत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

आणि अधिकार फक्त पोलिसांनाच आहे असंही समजू नका. फौजदाराच्या खालच्या पोलिसाला तो नाही, पण शाळेचा मुख्याध्यापक, पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, सरकारी दवाखान्याचा प्रमुख, लायब्ररीयन, नगरपालिकेचा आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी, अहो गावचा सरपंच आणि ग्रामसेवकसुद्धा, हे सगळे त्या यादीत आहेत. बऱ्याच जणांना स्वतःलाच हे ठाऊक नसतं. एका शाळेत मी मुख्याध्यापकांना यादी दाखवली तर ते म्हणाले, "डॉक्टर, म्हणजे मी आमच्या चेअरमनलाच दंड करू शकतो?" म्हटलं करू शकता. ते हसले आणि यादी घडी घालून खिशात ठेवली, पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

पेपरवाल्यांचं बोलू, कारण तुमच्या गावातलं निम्मं भांडण तिथूनच पेटलंय. आपल्याकडे मोहिमेची बातमी एकाच साच्यातली असते, 31 मेच्या तंबाखूविरोधी दिनाच्या आसपास, पथक, पावती-पुस्तक, चारपाच पदाधिकारी आणि मध्ये एक बावरलेला माणूस. त्या माणसानं 200 चा गुन्हा केला आणि शिक्षा मिळाली जिल्हाभर फोटोची, हे मला कधीच पटलं नाही. दंड भरला की विषय संपला, फोटो छापायची शिक्षा कोणत्या कलमात आहे? शाळकरी पोरं टपरीवर सापडली आणि त्यांचे चेहरे छापले तर ते तर बाल न्याय कायद्याच्या अंगावर जाऊ शकतं, तिथे संपादकांनी जपून राहावं. आणि दुसऱ्या बाजूचा पेपर, ज्यानं 'गरिबांवर जुलूम' लिहिलं, त्याचाही तोच अंक उलटून शेवटचं पान बघा, अर्धं पान केसरवाल्या पानमसाल्याची जाहिरात नाही निघाली तर मला सांगा. तंबाखूच्या जाहिरातीला कलम 5 नं बंदी, म्हणून त्याच नावाची, त्याच रंगाची इलायची विकायची. बातमीत जुलूम आणि जाहिरातीत इलायची, दोन्हीकडून पैसे.

टपरीवाल्यांबद्दल मात्र मला सरसकट वाईट बोलवत नाही. टपरी विकते म्हणून गुन्हा होत नाही, ती उघड्यावर असते, तिथे उभं राहून ओढणारा बहुतेक वेळा कलम 4 मध्ये बसत नाही. पण टपरीवाल्यानं मागे पत्र्याचं शेड टाकून बाकडी लावली, चहा-पोहे सुरू केले की ते हॉटेल झालं आणि तिथे सगळे नियम लागू, आणि मग ती खांबाला दोरीनं बांधलेली लायटर काढायला लागते. टपरीवर खरं लक्ष द्यायचं ते दुसऱ्या ठिकाणी. 18 वर्षांखालच्या पोराला विकणं आणि शाळा-कॉलेजच्या 100 यार्डांत विकणं, कलम 6. शंभर यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर, आणि ते गेटपासून नाही, कंपाउंडच्या भिंतीपासून चारी बाजूंनी मोजायचे. यावर आपल्याकडे काय काय गणितं चालतात ते मी बघितलंय, कोणी रस्त्यानं वळून वळून टेप धरतं, कोणी म्हणतं आमची टपरी आधीची, शाळा नंतर आली. या कलमाचा दंडही 200 च, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण बाल न्याय कायदा 2015 चं कलम 77 काढलं तर लहान मुलाला तंबाखू दिल्याबद्दल 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, हे टपरीवाल्याला शांतपणे बसून सांगितलं की तो दुसऱ्या दिवसापासून पोरांना हाकलतो. मी बऱ्याच टपऱ्यांवर हे सांगून बघितलंय, निवेदनं आणि मोर्चे होत नाहीत, कारण लेकरंबाळं त्यालाही आहेत. सुटी सिगारेट-बिडी विकायला सुद्धा सप्टेंबर 2020 पासून महाराष्ट्रात बंदी आहे, पण खरं सांगू का, एक तरी टपरी दाखवा जिथे सुटी मिळत नाही.

आता जे मला मनापासून बोलायचंय ते. आपल्या खान्देशात हा वाद धुरावर चाललाय आणि आग तोंडात लागलीय. 2016-17 चा मोठा राष्ट्रीय सर्व्हे आहे, त्यात 15 वर्षांवरच्या लोकांत महाराष्ट्रात ओढणारे निघाले 3.8 टक्के आणि तोंडात धरणारे 24.4 टक्के. देशाचा आकडा अनुक्रमे 10.7 आणि 21.4. म्हणजे ओढण्यात आपण देशाच्या कितीतरी मागे आणि खाण्यात पुढे. केळीच्या गाडीवर घड चढवणारा मजूर, जिनिंगवरचा पोरगा, ट्रॅक्टरवाला, ऑफिसातला बाबू, मिश्री लावणारी मावशी, यातलं कोण बिडी ओढतंय? मळून चुना लावून गालात, नाहीतर पुडी. गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी आहे, मग कंपन्यांनी काय केलं तर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, गिऱ्हाईक तोंडातच गुटखा बनवतं. सुगंधी तंबाखूवरही बंदी आली तरी आपल्या एका अंगाला मध्यप्रदेश, दुसऱ्या अंगाला गुजरात, आग्रा हायवेवर शिरपूरकडे गाड्या पकडल्याच्या बातम्या तुम्ही पण वाचताच.

माझ्या खुर्चीत बसणारा वीस-बावीसचा पोरगा, 'तिखट खाल्लं की झोंबतं' म्हणून आलेला असतो. मी त्याला म्हणतो स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. जात नाहीत. दोन जातात, कधी दीड. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, पांढरी पडते, जबडा उघडेनासा होतो, आणि ती गेलेली लवचीकता पूर्ण परत येत नाही, आपण फक्त पुढे वाढणं थांबवू शकतो, तेही पुडी सुटली तर. यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. हा पोरगा त्या दिवशी बसस्टँडवर तुमच्या काकांच्या शेजारीच उभा असेल, पथक त्याच्या समोरून गेलं असेल, कारण त्याच्या तोंडातून धूर निघत नाही. त्यानं पिचकारी मारली असती तर सरकारी इमारतीत थुंकण्यावर 1951 च्या पोलीस कायद्याचं 116 कलम आहे, पण ते नोटीस लावलेली असेल तर, आणि नोटीस बघा, तीच पिचकारीनं झाकलेली असते.

मग धूम्रपानबंदीला अर्थ नाही का? आहे, आणि इथे मी तुमच्या गावातल्या दुसऱ्या पार्टीच्या विरोधात आहे. "मना पैसा, मनी बिडी, तुले काय करनं शे" हे वाक्य मी सगळ्या स्टँडांवर ऐकलंय. स्वतःच्या शेतात बांधावर बसून ओढ बाबा, कोण अडवतंय. पण शेडखाली तुझ्या शेजारी कोणाची तरी बाळंतीण लेक बसलीय, दम्याचा म्हातारा बसलाय, त्यानं तिकीट काढलंय, तो उठून जाऊ शकत नाही. सुप्रीम कोर्टानं 2 नोव्हेंबर 2001 ला मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या केसमध्ये हेच धरलं, न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचं काय, म्हणून. कायदा नंतर आला, आधी कोर्टाचा आदेश आला होता.

आणि उपयोग होतो का म्हणाल तर एक उदाहरण नेहमी सांगतात ते सांगतो. अमेरिकेत मोंटाना राज्यात हेलेना नावाचं आपल्या अमळनेरपेक्षाही लहान शहर आहे, तिथे 2002 च्या जूनमध्ये बंदी आली, सहा महिन्यांत कोर्टकज्ज्यामुळे थांबली. त्या सहा महिन्यांत तिथल्या हॉस्पिटलात हार्ट अटॅकनं येणारे पेशंट एरवीच्या सरासरी 40 वरून 24 वर आले. आता 40-24 हे आकडे लहान आहेत, त्यावर उड्या मारू नयेत, पुढे मोठ्या अभ्यासांत घट निघाली ती याच्यापेक्षा कमी होती. पण निघाली. आयर्लंडनं 29 मार्च 2004 पासून अख्ख्या देशात कामाच्या जागा आणि पब बंद केले धुरासाठी, तेव्हा तिथल्या पबवाल्यांनी आपल्या टपरीवाल्यांइतकीच बोंब मारली होती, धंदा बसणार म्हणून. तरी ती बंदी टिकली, कारण ओढणाऱ्यासोबत पबमालकालाही 3000 युरोपर्यंत दंडाची भीती होती, त्यामुळे मालकच गिऱ्हाइकाला म्हणायला लागला की बाहेर जा. आपल्या देशात चंदीगडनं 2007 मध्ये शहर धूम्रपानमुक्त जाहीर केलं, 2008 च्या नियमांच्याही आधी.

मालकाला भाग पाडलं की काय होतं हे मी आपल्याकडेही बघितलंय. एका स्टँडवर नवीन आलेल्या सायबानं काहीच मोठं केलं नाही, कंट्रोलरला सांगितलं की गाड्यांच्या अनाउन्समेंटसोबत दर वेळी एक ओळ बोलायची, आणि शेडच्या बाहेर कंपाउंडपलीकडे निंबाखाली एक बाकडं आणि वाळूचा डबा ठेवला. हा निंबाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 ला टेकतो तेव्हा सावली फक्त शेडखाली असते, अन तुम्ही माणसाला म्हणता बाहेर उन्हात जाऊन ओढ, तो कशाला जाईल? आमचा तिथला हमाल दादा पोलिसापेक्षा भारी काम करायचा, कोणी काडी ओढली की लांबूनच हाक, "आठे नको भो, तठे निंबखाले जाईसन वढ." भांडण नाही, पावती नाही. तो साहेब बदलून गेला, पुढचा आला, वाळूचा डबा गायब, दोन महिन्यांत सगळं जैसे थे. म्हणून म्हणतो इनचार्जला धरा.

हॉटेलवाल्यांचं एका ओळीत, 30 किंवा जास्त खुर्च्यांच्या हॉटेलाला वेगळी स्मोकिंगची खोली करता येते पण ती छतापर्यंत बंद, आपोआप मिटणाऱ्या दाराची आणि हवा बाहेर फेकणारी पाहिजे, ढाब्यावर प्लायवूडचा आडोसा लावला तो चालत नाही.

तर तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलायचं याचं माझं उत्तर असंय की दोन्ही पार्ट्यांना सोडून द्या आणि तीन कागद लिहा. एक आगार व्यवस्थापकाला, की तुमच्या स्टँडवर तक्रार घेणाऱ्याचं नाव बोर्डवर नाही, ते लावा, पोच घ्या. पोच महत्त्वाची, कारण तक्रार मिळाली हे सिद्ध झाल्याशिवाय त्यांच्यावरचा दंड लागू होत नाही. दुसरा शाळांच्या मुख्याध्यापकांना, की भिंतीपासून 100 यार्डांवर पिवळी रेघ मारून घ्या, ते शिक्षण खात्यासाठी काढलेल्या सूचनांतच आहे, आणि रेघेच्या आतल्या टपऱ्यांना आधी जागा बदलायला मुदत द्या. तिसरा मुख्याधिकाऱ्यांना, काकांच्या पावतीची झेरॉक्स जोडून, की हे 500 रुपये कोणत्या कलमाखाली घेतले ते लेखी सांगा. पावतीवर कलम लिहिलंय का ते आधी बघा, नुसतं 'दंड' लिहिलेली असेल तर तेही अर्जात टाका. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात 30 दिवस. पैसे परत मिळतील का, मिळतीलही, पण मुख्य म्हणजे पुढच्या वेळी पथक पुस्तक काढायच्या आधी विचार करेल. पेपरात जायची घाई करू नका, काकांचा दुसऱ्यांदा फोटो छापून येईल एवढंच होईल.

आणि काकांचं स्वतःचं. त्यांना विचारा सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळात लागते, अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय घट्ट आहे, नुसत्या 'सोडा हो' नं सुटणार नाही. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप नाही, त्या दिवसांत घरात लग्नाकार्याच्या याद्या किंवा वाटणीचे विषय काढू नका. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ दुसरीकडे गुंतवायचं, पाणी, बडीशेप, नाहीतर नातवाला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत. 1800-11-2356 हा सरकारी फोन नंबर फुकट आहे, काकांना स्वतःला बोलू द्या, तुम्ही त्यांच्या वतीनं बोलू नका. निकोटिनचं 2 मिलीग्रॅमचं च्युइंगम मेडिकलवर मिळतं, पण ते बबलगमसारखं चघळत बसायचं नाही, थोडं चावून गालात दाबून ठेवायचं, झिणझिण थांबली की परत चावायचं. तंबाखू गालात धरायची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे शिकवायला लागत नाही. बिडीसोबत मळून पण खात असतील तर दोन्ही एकाच दिवशी सोडायच्या, एक सोडून दुसरी वाढवायची हा खेळ मी रोज बघतो, आणि जमलं तर एकदा त्यांना कुठल्याही दातांच्या डॉक्टरकडे तोंड दाखवून आणा.